मुक्कामाच्या सहलीची तयारी
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपला नववीचा वर्ग येत्या डिसेंबरात रायगडला जाणार आहे. रात्री पायथ्याच्या पाचाड गावी मुक्काम आणि पहाटे गड चढायचा, असा बेत आहे. "मुलांनी काय काय न्यावे ते सांगा," असा अध्यक्षसाहेबांचा मला हुकूम आहे. ती यादी फलकावर लागलीच आहे. मला बोलायचे आहे ते त्या यादीत न मावणाऱ्या गोष्टींबद्दल.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, मी मुलांना असेच मुक्कामाला नेले होते. संमतिपत्रकावर एक ओळ छापली होती : पाल्यास काही आजार आहे काय? होय / नाही. चाळीस पत्रके आली आणि चाळिसांवर "नाही". मी खूश! रात्री शेकोटी पेटली, गाणी झाली. अकराच्या सुमारास एक मुलगा उठून भिंतीला टेकून बसला. छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. एक वाक्य एका दमात बोलवत नव्हते. त्याला दमा होता. शेकोटीचा धूर आणि रात्रीचा गारवा, दोन्ही बाधले. त्याचा पंप होता, पण घरी कपाटात. गावातल्या एका भल्या माणसाने जीप काढली, म्हणून वेळेवर दवाखाना गाठता आला.

परतल्यावर त्याच्या आईला मी जरा रागानेच विचारले, "आधी का नाही सांगितलेत?" ती म्हणाली, "सर, सांगितले असते तर तुम्ही त्याला नेले असते का?"

मी गप्प बसलो. नेले नसते.

म्हणून यंदा पत्रक बदलले आहे. त्यावर होय-नाही नाही, कोऱ्या ओळी आहेत. दमा, फिट, झोपेत चालणे, अंथरूण ओले होणे, एखादे औषध न सोसणे, जे असेल ते लिहा आणि पाकीट बंद करून द्या. वर्गशिक्षकांखेरीज ते कोणी उघडणार नाही. आजार लिहिला म्हणून मी कोणाचे नाव खोडणार नाही. खोडायचे झाले तर ते डॉक्टर सांगतील. ज्याचा पंप आहे, त्याने एक स्वतःच्या खिशात ठेवावा, एक आमच्याकडे द्यावा. पंपाची सवय लागते, हा समज सोडा. त्यातले औषध थोडे असते आणि थेट फुप्फुसात जाते, म्हणूनच लवकर लागू पडते. शेकोटी या वेळी नाही. मुले नाराज आहेत, त्याला माझा इलाज नाही.

मुलींच्या पालकांचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते रास्त आहेत. मी व आमच्या दोन शिक्षिका जागा पाहून आलो. मुलींची खोली स्वतंत्र आहे, दाराला आतून कडी आहे, दोन्ही बाई त्याच खोलीत झोपतील. संडासाच्या वाटेवर दिवा नव्हता. तो लावून घेत आहोत. पाळीचे दिवस येणार असतील तर मुलीने बाईंना सांगून ठेवावे, म्हणजे तेवढ्यासाठी कोणी घरी राहायला नको. एवढे ऐकूनही ज्यांना नकार द्यायचा असेल, त्यांनी मुलीला समोर बसवून कारण सांगावे. मागे एका मुलीला आदल्या रात्री "उद्या जायचे नाही" एवढेच सांगितले गेले. तिची भरलेली पिशवी पुढे कितीतरी दिवस तशीच होती, असे तिच्या मैत्रिणी सांगत.

सापांविषयी बरेच जण विचारतात. थंडीत साप कमी दिसतात, पण काळजी घ्यायचीच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. म्हणून प्रत्येकाला मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या. बॅटरीशिवाय बाहेर पाऊल नाही. सकाळी बूट झटकून घालायचे. दुर्दैवाने काही झालेच तर चिरा देणे नाही, घट्ट आवळून बांधणे नाही, मांत्रिक नाही. हलू न देता गाडीत घालून सरळ रुग्णालय. गाडी रात्रभर तिथेच उभी राहील.

आता घरची तयारी. माता-भगिनींनो, मुलाची पिशवी तुम्ही भरू नका. तुम्ही भरलीत तर अंधारात त्याला टॉवेलही सापडणार नाही. ज्याने त्याने आपली भरावी आणि ती पाठीवर घेऊन गावाबाहेरचा चढ एकदा चढून पाहावा. रायगड सुमारे २७०० फूट उंच आहे, पायऱ्या हजारावर आहेत. रोपवे आहे, पण आपण पायी जाणार. नवे बूट घ्यायचे असतील तर आजच घ्या आणि रोज घाला. एक रात्र मुलाला पडवीत एकट्याला झोपू द्या. जेवलेले ताट त्याचे त्याला घासू द्या, मुलग्यालासुद्धा!

"याचा पोटापाण्याला काय उपयोग?" असे एका पालकांनी मला विचारले. उत्तर सोपे नाही. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पाहत बसण्याची सवय मात्र होती. आम्हाला मुलांना तेवढे शिकवायचे आहे.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत. उत्तरेला वेड्यावाकड्या इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा शोधा आणि तिच्या आधाराने ध्रुवतारा ओळखा. हात ताठ करून मूठ धरली की आकाशात सुमारे दहा अंश मापले जातात. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो. त्याच्याकडे तोंड केले की डावीकडे पश्चिम. पश्चिमेकडे वळून एक मूठ उजवीकडे सरकलात की साधारण किब्ला. पाचाडला इशाची दिशा मी दाखवणार नाही, तुम्हीच मला दाखवायची आहे. अंगणातून आजच पाहायला लागा.

पत्रके शुक्रवारपर्यंत परत यावीत. पाकिटे बाहेर टेबलावर ठेवली आहेत.