वारा आहे, पाय कुठे रोवायचे?
(उत्सवातील व्याख्यानाचा सारांश)

मंडळी, चित्रदुर्गाच्या डोंगरावरील पवनचक्क्या आपण सर्वांनी पाहिल्या असतीलच. साताऱ्याकडची मंडळी वनकुसवड्याच्या सांगतील. मग समुद्रात, जिथे वाऱ्याला आडकाठी नाही, तिथे त्या का नाहीत? डेन्मार्कने विंडेबी येथे १९९१ साली ११ उभ्या केल्या. आपल्याकडे अजून एकही नाही.

वारा मोजण्याचे काम २०१७ मध्ये गुजरातेत पिपावावजवळच्या समुद्रात सुरू झाले. खरी अडचण तळाशी आहे. खंबातच्या आखातात मऊ गाळ आणि भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त. कोणी म्हणेल, मुंबई हायला १९७४ साली तेल लागले, तेव्हापासून समुद्रात पोलादी सांगाडे रोवतोच आहोत की! खरे आहे. पण तिथे वरचे वजन मोठे असते. इथे वारा शंभर मीटर उंचावर ढकलतो, त्याचा जोर बुडख्याशी येतो. खांब रात्रंदिवस डुलतो आणि पोलादही थकते.

त्यात पावसाळ्याचे चार महिने काम बंद. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ कामगारांचा बार्ज बुडून कितीतरी जण गेले. माणसे वेळेत किनाऱ्यावर आणणे हा आराखड्याचाच भाग हवा.

केंद्राने २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, त्यात ६०० कोटी दोन बंदरांसाठी. मला विचाराल तर महत्त्वाचे हेच. एवढी लांब पाती ठेवायला धक्क्यावर जागाच नसेल, तर जहाज येऊन करील काय?