दप्तराचा पेटारा आणि परवलीचा शब्द

पेडणे आणि डिचोली हे महाल १७८० च्या दशकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्यापूर्वीचा कारभार सावंतवाडीकर भोसल्यांचा. म्हणून तेथील जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत मोडी कागद, पोर्तुगीज दस्तऐवज आणि १९६१ च्या मुक्तीनंतरच्या मोजणीचा ‘एक-चौदा’चा उतारा एकत्र नांदतात. वाळवी आणि पावसाळी ओल हे या दप्तराचे जुने वैरी होत. बनावट कागदांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा शासनाला २०२२ साली विशेष तपासपथक नेमावे लागले, त्यावरून आणखी एक वैरी कळला. अशा वेळी मूळ कागद जपून त्यांची छायाचित्रे घरच्या संगणकावर ठेवणे शहाणपणाचेच. परंतु ती ठेवावी कशी?

संगणक सुरू करताना विचारला जाणारा परवलीचा शब्द पुरेसा आहे, हा समज भाबडा होय. चोराने आतील तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की सारे दप्तर त्याच्यापुढे उघडे पडते. लिनक्स या मुक्त प्रणालीत यावर ‘लक्स’ नावाची योजना आहे. तीत तबकडीवरील प्रत्येक अक्षर एका मूळ किल्लीने कूटबद्ध होते आणि ती मूळ किल्ली परवलीच्या शब्दाने बंद करून तबकडीच्या आरंभीच्या भागात ठेवलेली असते. जुन्या लक्समध्ये असे ८ शब्द नेमता येत. नव्यात ३२ पर्यंत येतात. देवस्थानाच्या पेटीच्या किल्ल्या निरनिराळ्या महाजनांकडे असत आणि सर्व जमल्याखेरीज पेटी उघडत नसे. येथे मात्र कोणतीही एक किल्ली पुरते. म्हणूनच एक शब्द वडिलांकडे, दुसरा आखातात नोकरीस असलेल्या मुलाकडे, अशी वाटणी करता येते. ती न करता एकमेव शब्द जाणणारा गृहस्थ निवर्तला, तर ते दप्तर कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने उघडणार नाही.

उघडण्याची क्रिया दुहेरी आहे. प्रथम शब्द देऊन कुलूप काढावयाचे, मग आतील भाग एखाद्या फोल्डरच्या जागी ‘माउंट’ करावयाचा. मिटताना क्रम उलटा: आधी अनमाउंट, मग कुलूप. तबकडी जोपर्यंत उघडी आहे, तोपर्यंत कूटलेखनाचे रक्षण नाही. संगणक नुसता झोपवून बाजारास जाणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. मृगाच्या वादळात वीज अवचित जाते, तेव्हा उघड्या तबकडीवरील अर्धवट लिखाण बिघडू शकते. काम संपताच पेटारा मिटावा, हे बरे. बाहेरून जोडायची तबकडी संगणकाच्या आरंभसूचीत घातली असेल, तर तिच्यापुढे ‘नोफेल’ हा शब्द लिहावा. नाहीतर ती न जोडलेल्या दिवशी यंत्र तिची वाट पाहत अडून बसते.

सर्वांत नाजूक तो आरंभीचा भाग, ज्याला ‘हेडर’ म्हणतात. जेमतेम काही मेगाबाइटांचा. पण तो खराब झाला की अचूक शब्दही निरुपयोगी ठरतो. ‘क्रिप्टसेटअप’ या साधनाने त्याची प्रत काढता येते. ती त्याच तबकडीवर ठेवणे व्यर्थ, ती दुसऱ्या घरी असावी. आणि शब्द फुटल्यामुळे तो बदलला, तर ही जुनी प्रतही नष्ट करून नवी काढावी, कारण जुना शब्द जुन्या प्रतीच्या साह्याने तोच पेटारा पुन्हा उघडतो.