जाळलेलें पुन्हां खावें काय?



वजन उतरविण्याच्या मागें लागलेल्या माणसापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो, आणि तो बहुधा रात्रीच्या जेवणाच्या वेळीं उभा राहतो. आहार ठरवून कमी केलेला असतो. सकाळीं तासभर फिरणें झालेलें असतें. मनगटावरचें घड्याळ सांगत असतें कीं, आज २४० उष्मांक खर्च झाले. मग तेवढे उष्मांक जास्त खाण्यास आपण मोकळे झालों, कीं नाहीं? घरांतील एक पक्ष म्हणतो, "श्रम झाले आहेत, पोटाला चार घांस जास्त घाल; अशानें अशक्तपणा येईल." दुसरा पक्ष म्हणतो, "मग एवढी चाललीस कशाला?" दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात, आणि गंमत अशी कीं, माणूस बदलला म्हणजे ते आळीपाळीनें खरे ठरतात.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आहे, आणि तें तालमींतून आलेलें आहे. जोर-बैठका काढून, लाल मातींत घाम गाळून आलेल्या पहिलवानास खुराक हवा, ह्याविषयीं कोल्हापुरांत कोणी कधीं वाद घालणार नाहीं. दूध, तूप, बदामाची थंडाई हा त्याचा हक्कच. 'व्यायाम तेथें खुराक' हें समीकरण त्यामुळें आपल्या मनांत इतकें घट्ट बसलें आहे कीं, बागेंत चार फेऱ्या मारलेले गृहस्थहि परततांना वाटेंत न चुकतां कांहीं तरी 'घेतात'. पण पहिलवान खुराक खातो तो वजन व बळ राखण्यासाठीं किंवा वाढविण्यासाठीं. आमच्या गृहस्थांस वजन उतरवावयाचें असतें. रीत त्याची उचलावयाची आणि फळ मात्र उलटें मागावयाचें, असा हा प्रकार आहे.

तेव्हां प्रथम हिशेबच पाहूं. पाकिटांवर छापलेले उष्मांक काढण्याची रीत मुख्यतः विल्बर ॲटवॉटर ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या कामांतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानें कनेक्टिकट संस्थानांतील मिडलटाउन येथें माणूस आंत राहूं शकेल अशी एक बंद खोली सिद्ध केली, आणि आंत झोंपलेल्या, बसलेल्या, सायकल मारणाऱ्या माणसाच्या शरीरांतून किती उष्णता बाहेर पडते हें मोजलें. पिष्ट पदार्थ व प्रथिनें ह्यांचे ग्रॅमला चार आणि स्निग्ध पदार्थांचे नऊ, हे आंकडे त्याचेच. ती खोली कोणाच्याहि मनगटावर मावण्यासारखी नाहीं. घड्याळ उष्णता मोजीत नाहीं. तें नाडीचे ठोके व हाताची हालचाल पाहतें आणि वय-वजनावरून अंदाज बांधतें. २०१७ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं अशीं सात यंत्रें तपासलीं. ठोके मोजण्यांत तीं बहुतेक चांगलीं निघालीं. परंतु उष्मांकांच्या बाबतींत सर्वांत चांगल्या यंत्राचीहि चूक सरासरीनें शेंकडा २७ होती, आणि सर्वांत वाईट यंत्राची शेंकडा ९३!

पण घड्याळ अगदीं अचूक आहे असें क्षणभर धरूं. सत्तर किलो वजनाचा माणूस तासाला पांच किलोमीटर ह्या बेतानें सपाट रस्त्यावर तासभर चालला, तर त्याचे सुमारें २४० उष्मांक खर्च होतात. आतां हाच माणूस त्या तासांत आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत बसला असता तर? तरीहि हृदय, यकृत, मेंदू ह्यांचें काम चालूच राहिलें असतें, आणि किलोमागें तासाला एक ह्या ढोबळ मानानें ७० उष्मांक गेलेच असते. हे सत्तर त्याच्या रोजच्या आहारांत आधींच धरलेले आहेत. म्हणजे चालण्याची खरी कमाई १७० ची. कित्येक यंत्रें व तक्ते २४० दाखवितात, आणि माणूस २४० खाऊन मोकळा होतो.

याहून मोठी चूक दुसरीकडेच होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें बैठें काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला २,११० उष्मांक लागतात व मध्यम श्रम करणाऱ्यास २,७१०. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतींत हेच आंकडे १,६६० व २,१३० असे आहेत. आतां एखाद्या बाईंनीं 'मी रोज फिरावयास जातें' म्हणून २,१३० हा आंकडा धरला, त्यांतून चारशें वजा करून आहार बसविला, आणि वर पुन्हां फिरण्याचे उष्मांक निराळे खाल्ले, तर तें एकच फिरणें त्यांनीं दोनदां खाल्लें. वाण्यानें एकच रक्कम वहींत दोनदां मांडली तर आपण त्याच्याशीं भांडतों. येथें वाणीहि आपण आणि गिऱ्हाईकहि आपणच, म्हणून भांडण होत नाहीं एवढेंच! उलट ज्यांनीं बैठ्या माणसाचा आंकडा धरून त्यांत कपात केली, त्यांच्या हिशेबांत व्यायाम अद्याप आलेलाच नाहीं. खावें कीं न खावें, ह्याचें निम्में उत्तर मूळ आंकडा कोणता धरला ह्यावर अवलंबून आहे; आणि विचारणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस तो सांगतां येतो.

आतां शरीराच्या वहीकडे वळूं. कारण शरीरहि आपला निराळा हिशेब ठेवीत असतें. टांझानियांतील हाड्झा जमातींतील कित्येक लोक आजहि शिकार करून, कंद खणून आणि मध काढून पोट भरतात. त्यांतील पुरुष दिवसाला दहा-अकरा किलोमीटर चालतात. हर्मन पाँट्झर व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या लोकांचा रोजचा एकूण उष्मांक-खर्च मोजून २०१२ सालीं प्रसिद्ध केला. खुर्चींत बसणाऱ्या अमेरिकन माणसापेक्षां तो पुष्कळच अधिक निघेल, अशी सर्वांची अपेक्षा. शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर तो जवळजवळ तितकाच निघाला. श्रम वाढले कीं शरीर दुसऱ्या कोठें तरी हात आंखडतें, असा ह्याचा अर्थ लावला जातो. २०२१ सालीं १,७५४ प्रौढांच्या मोजणीवरून असें अनुमान निघालें कीं, हालचालींत खर्चलेल्या उष्मांकांपैकीं सरासरीनें शेंकडा २८ शरीर अशा काटकसरीनें भरून काढतें; स्थूल माणसांत हें प्रमाण अधिक. ह्यांतील थोडी काटकसर आपल्या डोळ्यांनाहि दिसते: सकाळीं मोठ्या उत्साहानें फिरून आलेला माणूस दुपारीं एक मजला चढण्यासाठीं लिफ्टची वाट पाहत उभा राहतो.

हें प्रमाण एकट्या एका फेरीस लावणें शास्त्रदृष्ट्या सैल आहे, पण अंदाजापुरतें लावून पाहूं. १७० मधून शेंकडा २८ गेले म्हणजे सुमारें १२० उरले. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी शंभराची, तिला लावलेलें दोन-अडीच ग्रॅम तूप वीस-बाविसांचें. सत्तर किलो देह तासभर चालविल्याची शिल्लक ती ही! आणि वाढतांना तुपाचा चमचा जरा सढळ पडला, तर तीहि जागेवरच फिटते. खर्च नेहमीं फुगवून आणि खाणें नेहमीं आंखडून सांगावें, ही मनुष्यस्वभावाचीच रीत आहे. दोन्ही चुका एकाच दिशेच्या असल्यामुळें त्या एकमेकींस कापीत नाहींत.

"पण भूक लागते त्याचें काय?" असें कोणी विचारील. ह्याबद्दल एक जुनें निरीक्षण आपल्याच देशांतलें आहे. कलकत्त्याजवळच्या एका तागाच्या गिरणींतील कामगारांचा आहार, वजन व श्रम ह्यांची जां मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेली पाहणी १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. हलक्या कामापासून अति जड कामापर्यंत जसे श्रम वाढत गेले, तसा आहारहि वाढत गेला. हें अपेक्षितच होतें. पण अगदीं बैठें काम करणारे जे होते, त्यांचा आहार हलकें काम करणाऱ्यांहून कमी नव्हे, उलट जास्त होता, आणि वजनहि जास्त होतें. एका गिरणीवरून साऱ्या जगाचा नियम बांधतां येत नाहीं हें खरें. तथापि, देह अगदींच निष्क्रिय राहिला म्हणजे भुकेचा कांटा बिघडतो, ही गोष्ट शहरांतील घरोघरीं पडताळून पाहतां येण्यासारखी आहे. ज्या भुकेनें बैठ्या अवस्थेंत वजन वाढविलें, तिचीच साक्ष फिरून आल्याबरोबर खरी मानण्याचें कारण नाहीं.

पुणेंकरांसाठीं सिंहगडाचें उदाहरण देतों. पायथ्यापासून वरपर्यंत सुमारें सहाशें मीटरांची चढण. सत्तर किलो वजन तेवढें वर उचलण्यास लागणारी शक्ति पदार्थविज्ञानाच्या नियमानें शंभर उष्मांकांइतकी होते. आणि स्नायूंचें यंत्र अन्नांतील शक्तीचा जवळजवळ चौथाच हिस्सा कामास लावीत असल्यामुळें खर्च चारशेंच्या आसपास जातो. खरोखर मोठे श्रम! परंतु वर पोंचल्यावर पिठलें, दोन भाकऱ्या, कांदाभजीं आणि मडक्यांतलें दहीं पुढें येतें. दोन भाकऱ्यांतच चारशें फिटतात. बाकी सर्व नव्यानें खात्यावर पडतें. गडावर जाऊन पिठलें खाऊं नये असें सांगण्याचा अरसिकपणा मी करणार नाहीं. तें व्यायामाच्या नांवावर मांडूं नये, एवढेंच.

येथवरचें ऐकून ज्यांना दुसऱ्या पक्षाचा विजय झाला असें वाटलें असेल, त्यांनीं जरा थांबावें. न खाल्ल्यानें होणारें नुकसान खाल्ल्यानें होणाऱ्या नुकसानीपेक्षां पुष्कळदां मोठें असतें, आणि तें घरांत उशिरा कळतें. १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज ह्यांनीं ३६ तरुण स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरीनें सुमारें १,५७० उष्मांक मिळत, आणि आठवड्यास २२ मैल चालण्याची सक्ति असे. वजन चौथ्या हिश्शानें उतरावें असाच बेत होता, व तें तसें उतरलें. पण नाडी मंदावली, हातपाय गार पडूं लागले, उल्हास गेला, आणि धडधाकट तरुणांच्या मनांत रात्रंदिवस अन्नाखेरीज दुसरा विचार येईना. ते मुळांत स्थूल नव्हते हें लक्षांत घेतलें, तरी १,५७० हा आंकडा पाहून चपापावयास होतें. कारण आज वजन उतरविण्याच्या नांवाखालीं याहून पुष्कळच कमी खाऊन वर तासन्‌तास व्यायाम करणाऱ्या मुली आपल्या घरांत आहेत.

अशी एक मुलगी कल्पनेनें समोर आणा. लांब शर्यतीच्या तयारीसाठीं ती रोज धांवते. वजन ५५ किलो. त्यांतून चरबी वगळली तर ४० किलो. धांवण्यांत ६०० उष्मांक जातात, खाणें १,५०० चें. उरले ९००, म्हणजे चरबीरहित शरीराच्या किलोमागें साडेबावीस. हा आंकडा तिसाच्या खालीं कांहीं काळ राहिला तर शरीर आवश्यक कामेंहि बंद करूं लागण्याचा धोका असतो: मासिक पाळी अनियमित होते वा थांबते, हाडें ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. तिसाची रेघ सर्वांस सारखी लागू पडते असें नाहीं, पण दिशा स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं ह्या अवस्थेस स्वतंत्र नांव देऊन स्त्रियांप्रमाणें पुरुषांनाहि ती होते हें नमूद केलें. ह्या मुलीनें धांवण्याचे उष्मांक परत खाल्लेच पाहिजेत. तिची आई "खाऊन घे" म्हणते तेव्हां आईचेंच शास्त्र खरें असतें. पाळी थांबल्यावर 'व्यायामानें होतें असें' म्हणून स्वस्थ बसूं नये, वैद्यांकडे जावें.

मधुमेहावर इन्सुलिन किंवा रक्तांतील साखर फार खालीं नेऊं शकतील अशा गोळ्या घेणाऱ्यांची गोष्टहि निराळी आहे. व्यायामानें त्यांची साखर अकस्मात् उतरूं शकते. त्यांनीं केव्हां, किती खावें व औषध किती घ्यावें हें वैद्यांच्या सल्ल्यानेंच ठरवावें, आणि फिरावयास जातांना खिशांत साखर ठेवावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तर आजचा हा सारा हिशेब लागूच नाहीं.

राहतां राहिले आपण सामान्य लोक. रोजचें अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर फिरणें असेल, तर त्याबद्दल निराळें कांहीं खाऊं नये. एखाद्या दिवशीं चार-पांच तासांची डोंगरयात्रा घडली, तर यंत्रानें दाखविलेल्याच्या निम्म्यापर्यंत खाण्यास हरकत नाहीं, आणि तेंहि उसळ, अंडें, दूध, दहीं अशा प्रथिनयुक्त पदार्थांनीं. वजन उतरतांना स्नायूहि झिजतात, व व्यायाम आणि प्रथिनें मिळूनच त्यांचें रक्षण करतात. चालण्याची शिल्लक १२० ची असली तरी चालणें सोडूं नये तें ह्याचसाठीं. आपल्या लोकांना ह्याचें महत्त्व विशेष, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं दाखविल्याप्रमाणें आपल्याकडील सडसडीत दिसणाऱ्या देहांतहि चरबीचा वांटा बराच असतो.

आणि खरी साक्ष घड्याळाकडे मागूं नये, कांट्याकडे मागावी. रोज सकाळीं शौचाहून आल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं वजन करून तें लिहून ठेवावें, व आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाच्या आंकड्यास किंमत देऊं नये; लोणच्याच्या मिठानें, पाळीच्या आधीं सांठणाऱ्या पाण्यानें तो किलो-दीड किलो सहज हलतो. तीन-चार आठवडे सरासरी जागेवरच राहिली, तर कोठें तरी दुप्पट मांडणी होत आहे असें समजून तूप-तेलाचा चमचा आधीं तपासावा. आठवड्यास अर्धा किलोच्या आसपास उतार असेल तर आहे तेंच चालूं द्यावें. किलोहून अधिक उतार आठवडा उलटून आठवडा चालला, झोंप उडाली, जिना चढतांना पाय गळूं लागले, केस मूठमूठ जाऊं लागले, तर त्या दिवसापासून रोज दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट वरण जास्त घ्यावें, आणि पुढच्या आठवड्याची सरासरी पाहावी.