टाचेतली पोकळी

लंगडी खेळताना माझ्या भाचीचा पाय मुरगळला. एक्स-रेत मोडतोड नव्हती. पण टाचेच्या हाडात एक काळी पोकळी दिसली. 'गाठ असेल' असं कुणीतरी बोललं आणि आपाने जानमाज अंथरली. कॅन्सरचं नाव कुणी काढलं नाही, पण त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

एमआरआयनंतर डॉक्टरांनी समजावलं. टाचेच्या हाडात एक त्रिकोणी जागा असते. तिथे भार कमी येतो, म्हणून हाडाची जाळी विरळ असते. हे सिस्ट बहुधा तिथेच होतं. पातळ पडदा, आत पिवळसर पाणी. हा कॅन्सर नव्हे. पुष्कळदा ते दुखतही नाही, दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत सापडतं. रक्ताने भरणारी पोकळी मात्र वेगळी. ती वाढते, हाड फुगवते, तिच्यावर उपचार करावेच लागतात. साधी पोकळीही फार मोठी झाली तर हाड मोडू शकतं; मग ती खरवडून आत हाडाचे तुकडे भरतात.

भाचीची लहान आहे. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, एवढंच. टाच दुखत राहिली, रात्री झोप मोडू लागली, तर तोवर थांबायचं नाही, असं बजावलंय.

'पोकळ' हा शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या कवितांसाठीच वापरला होता! आपा अजून रोज विचारते, "भरली का रे?"