चावरा प्रेमपक्षी

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती पदोपदी आठवावी असा एक पक्षी गेली काही वर्षे आमच्या घरी नांदत आहे. इंग्रजीत त्याला 'लव्हबर्ड' म्हणतात. १८३६ साली त्याच्या वंशाला 'अगापोर्निस' हे शास्त्रीय नाव मिळाले, तेही ग्रीक भाषेतील प्रेम आणि पक्षी या दोन शब्दांचा समास करून. जोडीने अंगाला अंग लावून बसलेले हे पक्षी पाहूनच ते सुचले असणार. नाव देणाऱ्यांपैकी कोणी पिंजऱ्यात हात घालून त्याची पाण्याची वाटी बदलली होती की नाही, याविषयी मात्र मला दाट शंका आहे.

आमच्या पक्षिणीचे नाव ठमी. माझ्या एका सहकाऱ्याची रायपुराहून बदली झाली, तेव्हा 'महिनाभर सांभाळा' म्हणून तिला त्याने आमच्याकडे ठेवले. सरकारी महिना किती दिवसांचा असतो, हे श्रोत्यांना सांगावयास नकोच. तिच्या दाण्यासाठी मी गोल बाजारात जाऊ लागलो. मालवीय रोडला लागून असलेल्या या जुन्या बाजारात बांगड्या, पूजेचे साहित्य, मसाले, जडीबुटी, सारे काही मिळते. पण 'लव्हबर्डचे दाणे' म्हटले की दुकानदार हमखास विचारतो, 'कितनी जोड़ी है, साहब?' त्याच्या डोळ्यांपुढे असते ती ऑस्ट्रेलियाची रंगीबेरंगी बजरी. आपल्याकडे बहुतेक सगळीकडे तिलाच लव्हबर्ड म्हणण्याचा प्रघात पडला आहे. बजरी बिचारी सोशिक. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. त्याच्या नऊ जाती. आठ त्या खंडातल्या आणि एक मादागास्करची. ठमीची जात गुलाबी चेहऱ्याची, नामिबियाच्या रखरखीत मुलुखातली. लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, वजन ५० ग्रॅमच्या आसपास, आणि स्वभाव जुन्या काळच्या एखाद्या गढीवरच्या देशमुखिणीचा!

खांद्यावर बसून ती माझ्या कानाशी तासभर पुटपुटेल. पण तीच पिंजऱ्यात शिरली आणि मी दाण्याच्या वाटीला हात लावला, की पिसे ताठ करून बोटावर तुटून पडते. आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, 'गजब चाबथे, साहब!' ते खरेच आहे. परंतु सगळे चावे एका जातीचे नसतात. पोपटाच्या कुळात चोच ही केवळ चोच नव्हे. उभ्या आधारावर चढताना या जातीचे पक्षी चोच अक्षरशः तिसऱ्या पायासारखी वापरतात, आणि तिचा जोर पायांच्या तोडीचा असतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ साली मोजून दाखविले. तेव्हा बोटावर चढण्यापूर्वी ठमी बोट चोचीत धरते, ते फांदी भक्कम आहे की नाही हे पाहण्यासाठी. आपण दचकून हात मागे घेतला, की फांदी हलली, आणि मग ती खरोखर आवळते. हात स्थिर ठेवावा, ओरडू तर मुळीच नये. आरडाओरडा या मंडळींना फार प्रिय आहे. पिंजऱ्यातला चावा निराळा. तो हद्दीचा दावा आहे, आणि महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला तो समजावयास हरकत नाही. ती बाहेर असतानाच वाट्या भराव्यात, म्हणजे तंटाच उद्‌भवत नाही.

इकडे दिवाळीच्या सुमारास स्त्रिया टोपलीत धान भरून त्यावर मातीचा पोपट ठेवतात आणि टाळ्यांच्या ठेक्यावर त्याच्याभोवती फेर धरतात. पोपटाला छत्तीसगडीत सुआ म्हणतात, आणि सुआगीतांत बाईच्या मनातले दुःख ऐकणारा आणि तिचा निरोप नेणारा तोच. असा मेळा आमच्या अंगणात आला, तेव्हा त्या मुक्या सुआला पाहून ठमीने एवढा कलकलाट मांडला, की गाणाऱ्या बायका हसून लोटपोट झाल्या. त्यांतल्या एका वृद्धेने तिला सोडून देण्याचा आग्रह धरला. पुण्य लागेल म्हणाली. आपल्या रानातल्या राघूविषयी ती अगदी बरोबर होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, ही गोष्ट कित्येक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. पण माणसाच्या हातावर वाढलेली ही परदेशी पाखरू रायपूरच्या आकाशात सोडणे म्हणजे तिला कावळ्याच्या स्वाधीन करणे होय.

तिला कागदाचे वेड. आलेले वर्तमानपत्र ती चोचीने कातरल्यासारखे कापते आणि त्या लांब पट्ट्या पाठीमागच्या पिसांत खोवून घेते. हा खेळ नव्हे. या जातीची मादी घरट्याचे सामान असेच वाहून नेते. दुसऱ्या एका जातीची मादी ते चोचीतून नेते. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम डिल्गर यांनी दोहोंचा संकर केला. संकरित पिले पट्टी पिसांत खोवू पाहत, पण ते त्यांना काही केल्या साधेना. १९६२ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मी वाचला, आणि आमच्या घरी कोण नांदत आहे, याचा उलगडा झाला.

लवकरच ठमीने अंडी घातली. नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पिले येत नाहीत. मात्र अंडी येतच राहतात. काढून घ्यावीत, तर ती पुन्हा घालते आणि हाडांतला चुना खर्ची पडतो. म्हणून ती तशीच राहू द्यावी लागतात. तीन-चार आठवडे बसून कंटाळली की ती आपण होऊन उठते. त्या काळात गोल बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानातून समुद्रफेन आणून मी पिंजऱ्याला बांधीत असे, शेवग्याचा पाला देत असे (इकडे त्याला मुनगा म्हणतात), आणि सायंकाळी लवकर पिंजऱ्यावर कापड टाकीत असे. दिवस लांबला की अंड्यांची हौस वाढते. कागद बंद झाले, हे वेगळे सांगावयास नको.

एवढे करूनही पुढच्या थंडीत एके सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसलेली दिसली. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी श्वासागणिक खालीवर होत होती. मी हात आत घातला. तिने तो घालू दिला. मी तिला उचलले, तरी ती चावली नाही. आजवर त्या चोचीने माझ्या बोटांवर कितीतरी खुणा केल्या आहेत; पण त्या सकाळच्या तिच्या मुकाट्याइतके भय मला कशानेच वाटले नव्हते. अंडे आत अडकले होते. अशा वेळी पक्षिणीच्या हाती काही तासच असतात. दिव्याच्या उबेत खोके ठेवून, त्यात ओले फडके घालून आम्ही तिला पशुवैद्यांकडे नेले. त्यांचा सारा हातखंडा गाईम्हशींचा. पन्नास ग्रॅमचा रुग्ण तळहातावर घेऊन ते क्षणभर गप्पच राहिले. मग त्यांनी तोलून मापून चुन्याचे इंजेक्शन दिले आणि म्हणाले, 'आता ऊब आणि अंधार. हात लावू नका.'

आम्ही हात लावला नाही. दुपारभर घरात कोणी मोठ्याने बोलले नाही, पंखा लागला नाही, स्वयंपाकघरात फोडणीसुद्धा पडली नाही. दिवेलागणीला खोक्यात खसखस झाली. मऊ कवचाचे, वेडेवाकडे एक अंडे बाजूला पडले होते आणि ठमी पाण्याच्या वाटीकडे निघाली होती. वाटी जवळ सरकवावी म्हणून मी बोट पुढे केले. ते तिने असे कडकडून धरले की रक्त आले. घरातली सगळी मंडळी टाळ्या वाजवू लागली.