आश्रय मागणाऱ्या मुलांची चौकशी
(शहाड येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शहाडला लागून असलेले उल्हासनगर निर्वासितांनी वसवले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे लष्कराच्या बराकींत राहिली. तेव्हा निर्वासिताचा प्रश्न आपल्याला परका नाही.

आता आपल्या धम्मबांधवांचेच पाहा. धरणामुळे आणि छळामुळे पूर्व पाकिस्तानातून उठलेले चकमा बौद्ध १९६४ पासून भारतात आले. सरकारनेच त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. पुढे त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले, तर ते जिल्हा कचेरीतच अडले. मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने बजावले, की अर्ज केंद्राकडे गेलेच पाहिजेत. दावा खरा की खोटा हे नंतर. आधी तो ऐकला तर पाहिजे!

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. अफगाणिस्तान, म्यानमारमधून आलेल्या अनेकांच्या मुलाखती दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक कार्यालय घेते. पोर एकटे आलेले असले, की पहिला प्रश्न वयाचा. इथे आपण आपल्याच घरात डोकवावे. आपल्या वाडवडिलांपैकी कितीजणांची जन्मतारीख १ जून आहे? शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली, ती कायम झाली. तारीख चुकीची, पण माणूस लबाड नव्हता. हाडांच्या तपासणीतही दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटले आहे.

जातपडताळणीसाठी आजोबांचा १९५० पूर्वीचा दाखला शोधताना आपल्या विद्यार्थ्यांची काय दमछाक होते! गाव जागेवर असून ही गत. मग ज्याचे गाव जळाले, त्या पोराने कागद कोठून आणावा?

म्हणून डोळे मिटून होकार द्यावा, असे मी म्हणत नाही. खोट्या दाखल्यांनी हक्काच्या जागा कशा जातात, हे आपण जाणतोच. चौकशी झालीच पाहिजे. पण त्याची बोली जाणणारा, त्याला ज्याची भीती वाटणार नाही असा दुभाषी हवा. त्याने सांगितलेला गाव, बाजार, नदी नकाशावर आणि जाणकारांकडे ताडून पाहावी. भेदरलेले पोर घटनांचा क्रम चुकते. पुन्हा विचारावे, लगेच खोटारडे ठरवू नये. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे आणि अपिलाची वाट मोकळी ठेवावी.

वकिली शिकणाऱ्या मुलामुलींनी १९९६ चा तो निकाल मुळातून वाचावा. त्यानंतरही चकमांचे अर्ज पडूनच राहिले. २०१५ साली न्यायालयाला पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालावी लागली. तोवर १९६४ साली कडेवर आलेली लेकरे पन्नाशीला आली होती.

जयभीम!