मुलाचा स्वभाव आणि शिकण्याची वाट
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मानसशास्त्राचा आहे आणि मी मानसशास्त्रज्ञ नव्हे. तज्ज्ञांनी परिश्रमाने मिळविलेले ज्ञान सामान्य माणसाच्या उपयोगी पडेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचवावे, एवढेच माहिती अधिकाऱ्याचे काम. त्या अधिकारात मी आपणांपुढे उभा आहे.

आपला हा परिसर दोन पिढ्यांत किती पालटला, हे आपण जाणताच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. पुढे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाऊ लागले. ज्यांच्या आजोबांनी नांगर धरला, त्यांच्या नातवाला संगणकावर चालणारे यंत्र हाताळावे लागते. साहजिकच प्रत्येक घरात एक प्रश्न विचारला जातो : आमच्या मुलाने काय शिकावे आणि कसे शिकावे?

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर अलीकडे बरेच लोकप्रिय झाले आहे. ते असे की, माणसांच्या स्वभावाचे ठरावीक प्रकार असतात. प्रत्येक प्रकाराची शिकण्याची एक ठरावीक रीत असते. तो प्रकार ओळखावा आणि त्या रीतीनेच मुलास शिकवावे. कोणी म्हणतो, हा मुलगा डोळ्यांनी शिकणारा. कोणी म्हणतो, ही मुलगी कानांनी शिकणारी. कोणी म्हणतो, याचे डोके पुस्तकात नाही, हाच हातांनी शिकणारा. या उत्तरात सत्य किती आणि समजूत किती, हे आज आपण पाहू. कारण या निदानावर कित्येक मुलांची पुढची वाट ठरते.

प्रथम या विचाराचा उगम पाहू. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंतर्मुख व बहिर्मुख ही व्यक्तिमत्त्वाची विभागणी मांडली. तिच्या आधारे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांच्या कन्या इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली रचली. ती माणसांची सोळा प्रकारांत वाटणी करते. पुढे डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली अनुभव, चिंतन, संकल्पना आणि प्रयोग अशा चार पायऱ्यांचे शिक्षणचक्र सांगितले. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे व करणे अशा चार आवडी वर्णिल्या. अशा मांडण्यांचे पीक पुढे इतके वाढले की, २००४ साली इंग्लंडमधील संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा एकाहत्तर निरनिराळ्या पद्धती हाती लागल्या. एकाच माणसाचे एकाहत्तर परींनी वर्गीकरण होऊ लागले, की वर्गीकरणाविषयीच शंका घेणे भाग पडते.

ती शंका १९९० नंतरच्या काळात अनेकांनी घेतली आणि २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तिचा नीट निकाल लावला. त्यांचा युक्तिवाद समजण्यास सोपा आहे. समजा, एका वर्गात चाळीस मुले आहेत. त्यांपैकी वीस ‘पाहून शिकणारी’ आणि वीस ‘ऐकून शिकणारी’ ठरली. आता प्रत्येक गटातील निम्म्या मुलांना चित्रे दाखवून आणि निम्म्यांना तोंडी सांगून तोच धडा शिकवावा व शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. पाहणारी मुले चित्रांनी पुढे गेली आणि ऐकणारी मुले सांगण्याने पुढे गेली, तरच हा सिद्धान्त खरा. सर्वांनाच चित्रांनी अधिक समजले, तर श्रेय चित्रांचे. मुलांच्या प्रकाराचे नव्हे. अशा कसोटीस उतरतील असे प्रयोग त्या चौघांना फारच थोडे सापडले आणि त्यांतले बहुतेक सिद्धान्ताच्या विरुद्ध गेले.

म्हणजे मुलांना आवडीनिवडी नसतात काय? अवश्य असतात. परंतु आवडीच्या रीतीने शिकविले म्हणजे अधिक शिकून होते, हे सिद्ध झालेले नाही. गोड आवडते म्हणून गोडानेच अंग धरते असे नाही, तसाच हा प्रकार आहे.

सोळा प्रकारांच्या प्रश्नावलीबाबतही एक अडचण आहे. तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली, तर बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला आढळतो. याचे कारण उघड आहे. अंतर्मुखता ही उंचीसारखी आहे. काही माणसे फार उंच, काही फार ठेंगणी आणि बहुसंख्य मधली. मध्यावर रेघ ओढून अलीकडचे सारे ठेंगणे आणि पलीकडचे सारे उंच असे म्हटले, तर रेघेजवळच्या माणसांवर अन्यायच व्हायचा.

आता आपल्या परिसरातील कार्यशाळेकडे वळू. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणारा मुलगा काय काय करतो ते पाहा. तो कागदावरील आरेखन वाचतो. हे डोळ्यांचे काम. व्हर्नियर कॅलिपरने तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत माप घेतो; येथे डोळा, बोटांचा दाब आणि अंकगणित तिन्ही लागतात. लेथवर कटिंग चालू असताना हत्याराचा आवाज बदलला की काही बिनसले, हे त्याचा कान ओळखतो. आणि अखेरीस झालेल्या कामाची नोंद तो वहीत लिहितो. यांपैकी कोणती रीत त्याच्या स्वभावास मानवते, असे विचारून उस्ताद बाकीच्या तीन रीतींतून त्याला सूट देत नाही. दिली, तर जॉब बिघडेल. मुलगा अबोल असो वा बोलका, मायक्रोमीटर सर्वांना सारख्याच रीतीने धरावा लागतो.

यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. शिकविण्याची रीत मुख्यतः विषय ठरवितो, विद्यार्थ्याचा प्रकार नव्हे. नकाशा पाहूनच कळेल, उच्चार ऐकूनच येईल, वेल्डिंग करूनच साधेल आणि बीजगणिताला पाटी-पेन्सिल घेऊन बसावेच लागेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांना अननुभवी कामगार अल्पावधीत तयार करावयाचे होते. तेव्हा तेथे कामगार-शिक्षणाच्या चार पायऱ्या ठरल्या : शिकणाऱ्याची मनोभूमी तयार करणे, काम सांगून व करून दाखविणे, त्याच्याकडून ते करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. त्या चारही पायऱ्या प्रत्येक कामगारासाठी होत्या.

येथे कोणी विचारील की, मग स्वभावाचा आणि शिक्षणाचा काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, परंतु तो वेगळ्या ठिकाणी आहे. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आज पाच गुणांची मोजपट्टी सर्वाधिक मान्य आहे. त्या पाचांपैकी परीक्षेतील यशाशी सर्वांत सातत्याने जोडलेला आढळणारा गुण म्हणजे नेटकेपणा; हाती घेतलेले काम वेळेवर आणि कसोशीने तडीस नेण्याची वृत्ती. या वृत्तीला सवयीने वळण लावता येते, ही आपणा सर्वांना दिलासा देणारी गोष्ट होय.

दुसरे असे की, अंतर्मुख मुलाची समज कमी नसते. त्याचा संकोच अधिक असतो. स्वभावाचा परिणाम होतो तो मूल शंका विचारते की नाही, फळ्यापाशी येते की नाही, गटात बोलते की नाही यावर. यावरील एक उपाय विनाखर्चाचा आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना दिसले. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरे लांबली, सुधारली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. शिक्षक मित्रहो, प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीन अंक मोजावेत, एवढेच.

आपल्या पट्ट्यात एक धोका विशेष आहे. येथील शाळांत मराठवाडा-विदर्भातून आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेल्या कामगारांचीही आहेत. भोजपुरी किंवा ओडिया बोलणाऱ्या घरातले मूल मराठी वर्गात गप्प बसले, तर त्याचा स्वभाव अंतर्मुख आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याला भाषा हवी आहे. त्याच्या गप्प बसण्यावर ‘हातांनी शिकणारा’ अशी चिठ्ठी डकविली, तर आपण त्याच्या हातून पुस्तक काढून घेतो आणि त्यालाही पुढे तसेच वाटू लागते. जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचीही हीच गत होते. कंत्राटी कामावर तो लवकर लागतो आणि ‘त्याला अभ्यासात गोडी नव्हतीच’ असे आपण म्हणून मोकळे होतो.

याच कारणास्तव पालकांना एक इशारा द्यावासा वाटतो. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, स्वभाव व शिकण्याची रीत सांगणाऱ्या चाचण्यांचा व्यवसाय गावोगावी पोहोचला आहे. त्यास शास्त्रीय आधार नाही. पंचायत सदस्यांनी हे ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावे. गरिबाचा पैसा वाचेल.

याउलट, आवड जाणून घेण्याचे प्रामाणिक प्रयत्नही झाले आहेत. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक व गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोठे आहे, हे तीत पाहिले जाई. अशा चाचणीचा अर्थ मात्र नेमका घेतला पाहिजे. कल म्हणजे आवड. आवड म्हणजे क्षमता नव्हे आणि क्षमता म्हणजे शिकण्याची रीत नव्हे. ज्याने कधी करवत हाती धरली नाही, त्याला सुतारकाम आवडते की नाही, हे तो कोणत्या आधारावर सांगणार? प्रथम अनुभव, मग आवड, हाच क्रम योग्य.

हा क्रम प्रत्यक्षात आणणारे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. उद्योगातील संशोधकाचे पद सोडून ते खेड्यात आले. तेथून शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन अशी चारही क्षेत्रे प्रत्येक मुलामुलीच्या वाट्यास येतात. हुशार मुलांना पुस्तक आणि इतरांना हातोडी, अशी वाटणी तेथे नाही. मोजमाप करताना गणित येते, खर्च मांडताना हिशेब येतो, अहवाल लिहिताना भाषा येते. हात आणि डोके यांची फारकत न करणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

आता आपणांपैकी प्रत्येकास काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो.

शिक्षकांनी कोणताही धडा शक्य तेथे दोन-तीन वाटांनी न्यावा. तो सर्व मुलांसाठी न्यावा. पाठ वारंवार वाचून घेण्याऐवजी पुस्तक मिटून आठवावयास लावावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र आठवून पाहणारे पुढे गेले. हा लाभ कोणा एका स्वभावाच्या विद्यार्थ्यापुरता राखीव नाही.

पंचायत सदस्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस आवर्जून जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. गावातील सुतार, गवंडी, वायरमन, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर अशांची यादी पंचायतीने शाळेला द्यावी.

अधिकारी बांधवांनी एवढे पाहावे की, मुलाच्या प्रगतिपत्रकावर त्याचा ‘प्रकार’ कायमचा कोरला जाणार नाही. नोंद करावयाची तर त्याने काय केले याची करावी; तो कोण आहे याचा निवाडा करू नये.

मित्रहो, बारा वर्षांच्या मुलावर मारलेला शिक्का चाळिसाव्या वर्षीही पुसत नाही. आणि आपल्या पट्ट्यातील कारखाने तर असे आहेत की, आज शिकलेले यंत्र दहा वर्षांत मोडीत निघते आणि नवे शिकावे लागते. ‘मला फक्त याच रीतीने शिकता येते’ असे मानणारा कामगार त्या दिवशी अडून बसेल. कोणत्याही रीतीने शिकण्याची ज्याला सवय आहे, तो टिकेल. ती सवय लावणे हे घराचे, शाळेचे आणि गावाचे सामायिक कर्तव्य आहे. ते आपण सारे मिळून पार पाडाल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.